अज्ञानाचे स्वरूप आणि शिकविणारी यंत्रे

चाळीसगावाहून नैऋत्येस, डोंगराच्या पायथ्याशी, पाटण नावाचे जे प्राचीन स्थान आहे आणि ज्यावरून पाटणादेवीच्या दर्शनास जाणारे भाविक व गौताळ्याच्या अरण्यात हिंडावयास जाणारे हौशी लोक सारख्याच घाईने पुढे जातात, तेथील एका शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून एक मठ स्थापिल्याची आणि निकुंभ वंशातील सोइदेव व हेमाडिदेव ह्या राजबंधूंनी त्या मठास वृत्ती लावून दिल्याची हकीकत कोरलेली आहे. शक ११२८. लेखाचा मोठा भाग संस्कृत आहे. त्यात वंशावळी आहेत, विद्वत्तेची यथेच्छ स्तुती आहे. परंतु खर्चाची बाब येताच लेख एकाएकी लोकांच्या भाषेत उतरतो, आणि पाटणच्या बाजारात खपणाऱ्या मालावरचे राजाचे उत्पन्न मठाकडे कसे वळवावे, चालत्या घाण्यामागे पळीभर तेल कसे द्यावे, ह्याचा रोकडा बंदोबस्त सांगू लागतो. स्तुती संस्कृतात आणि वसुली मराठीत ही वाटणी आपल्या सरकारी दप्तरांतून अजून पुरती गेलेली नाही, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेल्या ह्या लेखाचे महत्त्व इतिहाससंशोधक जाणतातच. मला त्यात निराळाच एक प्रश्न दिसतो. सिद्धांतशिरोमणि इ. स. ११५० मध्ये लिहून पुरा झाला होता, आणि मठ स्थापन झाला तेव्हा त्यास अर्धशतक उलटून गेले होते. ग्रंथ सिद्ध होता, लिहिणारे लेखक होते, वाचणारे पंडित होते. मग चांगदेवास मठाची, म्हणजे शिकविणाऱ्या माणसांची आणि त्यांच्या पोटापाण्याची तजवीज करण्याची गरज का भासली असावी? 'लीलावती' उघडून पाहिली म्हणजे ह्याचे उत्तर अंशतः सापडते. नियम पद्यात बांधलेला, पाठ करावयास सोपा. त्याच्या पाठोपाठ उदाहरण येते, त्यात कमळांकडे गेलेला भुंग्यांचा थवा असतो, खांबावर बसलेला मोर आणि बिळाकडे निघालेला साप असतो, आणि शेवटी शिकणाऱ्यास संबोधून, ठाऊक असेल तर सांग, असे प्रेमळ आव्हान असते. नियम खरा का, ह्याची उपपत्ती मात्र पद्यात बहुधा नसते. ती समोर बसलेल्या गुरूने उलगडावयाची, किंवा पुढे कधीतरी गणेश दैवज्ञासारख्या टीकाकाराने लिहून काढावयाची. पद्य हे स्मरणाचे साधन होते, आणि त्या काळच्या मानाने अत्यंत कार्यक्षम साधन होते. परंतु साधन हाती आले म्हणजे विद्या आली असे चांगदेव समजत नव्हता, आणि त्याला पैसे देणारे तेलीही, मला वाटते, समजत नसावेत.

आज शिक्षणाच्या साधनांविषयी जे बोलले जाते त्यात हा भेद सहसा आढळत नाही. प्रत्येक मुलाच्या हाती पडदा, प्रत्येक कामगाराच्या खिशात पाठ, प्रत्येक प्रश्नास क्षणात उत्तर: ह्या योजना वाचल्या म्हणजे त्यांच्या मुळाशी असलेले एक तत्त्वज्ञान, जे योजनाकारांनी कधी मांडलेले नसते आणि कदाचित जाणलेलेही नसते, स्पष्ट दिसू लागते. ते असे की, अज्ञान म्हणजे केवळ एक उणीव. जेथे माहिती नाही तेथे अज्ञान, आणि माहिती पोचली की अज्ञान संपले. प्रश्न मग पुरवठ्याचा उरतो, आणि पुरवठ्याचा प्रश्न सोडविण्यात यंत्रे नेहमीच माणसांहून सरस ठरतात.

हे गृहीतक खरे आहे काय, ह्याची चर्चा करावयास काशीस अथवा विलायतेस जाण्याचे कारण नाही. ती अमळनेरास होऊन गेलेली आहे. बोरी नदीच्या काठच्या ह्या गावी कापडाची गिरणी चालविणारे श्रीमंत प्रतापशेठ ह्यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञानमंदिर स्थापिले. अद्वैत वेदान्ताचा आधुनिक पद्धतीने अभ्यास व्हावा हा त्यामागील हेतू होता. सुताच्या नफ्यातून ब्रह्मचिंतनास विद्यावेतने मिळू लागली. साने गुरुजी अमळनेरास प्रथम आले ते ह्याच मंदिराच्या ओढीने, आणि १९२४ पासून तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले ते बहुधा अशा जाणिवेने की मुलांच्या संगतीत केलेले तत्त्वचिंतन कमी प्रतीचे नसते. त्याच गावी १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावातील अक्षरे आखडून पुढे 'विप्रो' हा शब्द सिद्ध झाला, आणि तूप-तेल काढणाऱ्या त्या कंपनीने संगणकाच्या व्यवसायात जे नाव मिळविले ते सर्वांस ठाऊक आहे. घाण्याच्या तेलावर विद्या पोसण्याची खानदेशातील वहिवाट अशा रीतीने सुमारे पावणेआठशे वर्षांनी विलक्षण वळण घेऊन पुरी झाली. ह्या वेळी तेलाच्या कारखान्यातूनच विद्येची यंत्रे बाहेर पडली.

परंतु अमळनेरचा मला जो उपयोग करावयाचा आहे तो निराळा आहे. १९३३ मध्ये तत्त्वज्ञानमंदिरातील जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती ह्या तीन अभ्यासकांचा एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे नाव 'अज्ञान'. ज्ञानासाठी स्थापिलेल्या मंदिरातून अज्ञानावर ग्रंथ निघावा ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण अद्वैताचा सर्व डोलारा ह्याच एका कल्पनेवर उभा आहे. नैयायिक म्हणतो, अज्ञान म्हणजे ज्ञानाचा अभाव, दुसरे काही नव्हे. वेदान्ती म्हणतो, तसे नाही. अज्ञान भावरूप आहे. ते वस्तूला झाकते, ही त्याची आवरणशक्ती. आणि झाकून थांबत नाही, तेथे दुसरेच काही उभे करते, ही त्याची विक्षेपशक्ती. 'मला हे कळत नाही' असे जेव्हा माणूस म्हणतो तेव्हा त्याला पोकळीचा अनुभव येत नसतो. काहीतरी आड आले आहे असा अनुभव येत असतो. हे भावरूपत्व कोणत्या अर्थाने घ्यावे ह्याविषयी मतभेदास भरपूर जागा आहे, आणि एकाच छपराखाली राहून, एकाच शेटजींच्या वेतनावर, तिघांनी आपापली बाजू निराळी लिहावी आणि ती एकत्र बांधून छापावी, ही गोष्ट मला त्या ग्रंथातील सिद्धांतांइतकीच मोलाची वाटते.

वाचक विचारील की दोन दर्शनांच्या ह्या जुन्या वादाशी जिल्हा परिषदेच्या शाळेचा संबंध काय. मला वाटते, सर्वच संबंध आहे. अंधारात पडलेल्या दोरीस साप समजून जो थरथरतो आहे त्याला सर्पांच्या जाती, त्यांची विषे आणि त्यांवरील उतारे ह्यांची कितीही अचूक माहिती पुरविली तरी त्याचे भय कमी होणार नाही. उलट त्याच्या सापास जात आणि नाव मिळेल. ती माहिती खोटी नसते. ती खरी असून निरुपयोगी असते, कारण ज्या जागी अज्ञान बसले आहे त्या जागी ती पोचतच नाही. अज्ञान अभावरूप असते तर ह्या मनुष्याची स्थिती उपदेशाने निश्चित सुधारली असती.

शाळेतील उदाहरण घ्यावयाचे तर सूर्याचे घ्यावे. यावल-रावेरकडच्या मुलाच्या मनात शाळेत येण्यापूर्वीच एक सूर्य असतो. तो उगवतो, डोक्यावर येतो आणि सायंकाळी कुठेतरी टेकाडाआड झोपावयास जातो. ह्या मुलास आपण पडद्यावर रंगीत पृथ्वी गरागरा फिरवून दाखवितो. मूल आनंदाने टाळ्या वाजविते, परीक्षेत 'पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून' असे बिनचूक लिहिते, आणि घरी जाताना त्याचा सूर्य पूर्ववत टेकाडाआड जातो. दोन सूर्य एकाच मनात एकमेकांस न भेटता वर्षानुवर्षे नांदू शकतात. जो शिक्षक त्या मुलास विचारतो, 'पृथ्वी फिरते म्हणतोस, तर मग उडालेला कावळा मागे का राहत नाही रे?' आणि त्याचे गोंधळलेले उत्तर सबुरीने ऐकून घेतो, तो पहिल्या सूर्यास हात घालतो. वेदान्ताच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्याला आवरण दिसलेले असते.

ह्यावरून मी पडद्यांच्या विरुद्ध आहे असा ग्रह होऊ नये. धुळे जिल्ह्यात गेल्या दशकाच्या मध्यास जे घडले त्याचा मला अभिमान वाटतो. न्यूयॉर्कला वित्तव्यवसायात असलेले धुळ्याचे हर्षल विभांडिक ह्यांनी गावोगाव सभा घेतल्या, खर्चाचा मोठा हिस्सा गावकऱ्यांनी उचलावा आणि उरलेला आपण व आपल्या मित्रांनी भरावा अशी तजवीज केली, आणि जिल्हा परिषदेच्या सुमारे अकराशे शाळांत संगणकाचे पडदे पोचले. पाटणच्या व्यापाऱ्यांवरचा कर सक्तीचा होता. हा खुशीचा होता, आणि तोही अशा गावांतून आला जेथे कापसाचा एक हंगाम हुकला तर सावकाराची पायरी चढावी लागते. त्या पडद्यांनी किती आवरणे दूर केली हे सांगता येणार नाही, परंतु आपली शाळा ही सरकारी मामला नसून आपली आहे, असे गावास त्या निमित्ताने वाटले असेल तर तेवढ्यावरही खर्च फिटला असे मी म्हणेन. शिवाय नव्या अभ्यासयंत्रांचा एक गुण प्रामाणिकपणे मान्य करावयास हवा: मूल एकच चूक पुन्हा पुन्हा करीत असेल तर ती ओळखून त्यानुसार पुढचा प्रश्न बदलणे त्यांना साधते, आणि साठ मुलांचा वर्ग, पोषण आहाराचा हिशेब व निवडणुकीच्या याद्या सांभाळणाऱ्या शिक्षकास ते क्वचितच साधते. यंत्रास चूक दिसते. चुकीमागचा सूर्य दिसतो काय, हा पुढचा प्रश्न आहे.

आता उत्तर देणाऱ्या यंत्रांकडे वळू. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सातपुड्याच्या पाड्यांवरील मुलांच्या शिक्षणाचे भवितव्य मोबाइलच्या टॉवरची सावली कोठवर पडते ह्यावर ठरू लागले. ती कहाणी अजून ताजी आहे आणि पुन्हा सांगण्याची गरज नाही. नोव्हेंबर २०२२ पासून मात्र जो प्रकार सुरू झाला तो तत्त्वतः निराळा आहे. पूर्वीचे यंत्र कोणा मनुष्याचे बोललेले आणून ऐकवीत असे. आताचे कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र स्वतःच वाक्ये रचते. हे वाक्य कोणाचे? न्यायशास्त्राने शब्दप्रमाणाची जी मीमांसा केली आहे ती येथे उपयोगी पडते. ज्याचे बोलणे प्रमाण मानावे त्याला आप्त म्हणतात, आणि न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आप्ताची लक्षणे सांगितली ती अशी की त्याने वस्तू प्रत्यक्ष जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी दुसऱ्यास सांगण्याची त्याला इच्छा असावी. ह्यापुढे तो भाष्यकार जे म्हणतो ते फारच उदार आहे: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ ह्या सर्वांना सारखेच लागू आहे. जात, देश, भाषा ह्यांचा आप्तत्वाशी संबंध नाही. इतक्या रुंद दरवाज्यातूनही यंत्र आत येऊ शकत नाही. कारण त्याने काही जाणलेले नाही, आणि त्याला काही सांगावयाचेही नाही.

मीमांसक मात्र येथे दुसरी वाट सुचवील. त्याच्या मते वेद प्रमाण आहेत ते कोणी आप्ताने सांगितले म्हणून नव्हे, तर ते कोणीच सांगितलेले नाहीत म्हणून. बोलणाऱ्याचे भ्रम, प्रमाद आणि लबाडी हे दोष शब्दात उतरतात. बोलणाराच नसेल तर दोष कोठून येणार? यंत्राच्या उत्तरासमोर बसलेल्या आजच्या विद्यार्थ्याची श्रद्धा, त्याला नाव माहीत नसले तरी, मीमांसकाची आहे. मास्तर चुकतील, वर्तमानपत्र पक्षपाती असेल, पण ह्या उत्तरामागे कोणीच नाही, म्हणून ते निष्पक्ष असले पाहिजे, असे त्याला वाटते. हे आपल्या युगाचे अपौरुषेय वाङ्मय होय. फरक एवढाच की मीमांसकाच्या वेदामागे कोणी पुरुष नव्हता, आणि ह्याच्यामागे कोट्यवधी पुरुष आहेत, त्यांच्या भ्रमप्रमादांसह, फक्त त्यांपैकी एकासही उलट प्रश्न विचारण्याची मुभा नाही. शिवाय ते पुरुष बहुतांशी आपल्याकडचे नाहीत. यंत्राला पुण्याची मराठी बरी येते. अहिराणीत विचारले तर ते चाचपडते, लेवागणबोली त्याला अवघड जाते, आणि पावरी बोलणाऱ्या मुलीने शिरपूर तालुक्याच्या पाड्यावरून प्रश्न केला तर तिला प्रथम आपली भाषा बाहेर काढून ठेवावी लागते.

ह्यावर कोणी म्हणेल की जुन्या शिक्षणात तरी ह्या मुलीस कोण विचारीत होते? हा आक्षेप रास्त आहे, आणि जे लोक गुरुकुलाच्या नावाने गहिवरतात त्यांनी तो टाळू नये. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनी आयुष्य वेचून जमविलेली रामदासी बाडे समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत; समर्थांनी हाताने लिहिलेले रामायण पाहावयास लोक तेथे जातात. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे वळवावे, ओळी कशा राखाव्यात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सर्व ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा कसा दिसावा, हे समर्थ इतक्या आस्थेने सांगतात की लेखणी हे साधन न राहता साधना होते. तोही समास ब्राह्मणास उद्देशून आहे. अधिकारी कोण हा प्रश्न आपल्या परंपरेने योग्य विचारला आणि उत्तर मात्र जन्माच्या दाखल्यावरून दिले. भिल्लाच्या मुलीने विचारलेला प्रश्न यंत्र नाकारीत नाही, तिचे सोवळे पाहत नाही, तिला ओसरीखाली उभे करीत नाही. ही गोष्ट लहान नव्हे. तीन हजार वर्षांच्या तुलनेत ती फार मोठी आहे. यांत्रिकपणाही यंत्राबरोबरच जन्मास आला असे नाही. मूळ पोथीत माशी चिकटलेली दिसली म्हणून नकलेतही माशी मारून चिकटविणारा लेखक आपल्याच म्हणीत आहे.

परंतु लिहिणारा हात जागा असेल तर काय होते, ह्याचे उदाहरणही धुळ्याचेच आहे. १९३२ च्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी, विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले, आणि ते साने गुरुजींनी टिपून घेतले. त्या खोलीत ध्वनिमुद्रणाचे यंत्र असते तर विनोबांचा शब्दन्‌शब्द, त्यांच्या खोकल्यासह, आपणास मिळाला असता. हे नुकसान मी कमी लेखीत नाही. पण वेगाने बोलणाऱ्याचे ऐकून हाताने टिपावयाचे म्हणजे प्रत्येक वाक्यागणिक काय राखावे आणि काय सोडावे हे ठरवावे लागते, आणि ते ठरविण्यासाठी वाक्य समजावे लागते. श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा ज्या तीन पायऱ्या उपनिषदांनी सांगितल्या त्यांपैकी पहिली दोन गुरुजींच्या बोटांत एकाच वेळी चालू होती. आजची यंत्रे श्रवण अमर्याद करतात. व्याख्यान संपण्यापूर्वी त्याचा सारांशही हाती देतात, आणि नेमके तेथेच मननाची जागा कोणी न सांगता बुजविली जाते. टिपण घेण्याचे श्रम वाचले, असे आपण म्हणतो.

जळगावच्या विद्यापीठास २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचे नाव आहे. असोद्यास १८८० मध्ये जन्मलेल्या ह्या बाईला अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपाशी तिने जे रचले ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरून घेतले, आणि तिच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये ते आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापले गेले. पदव्या देणाऱ्या संस्थेने निरक्षर स्त्रीचे नाव घ्यावे ह्यात कोणास विसंगती वाटते, कोणास औचित्य. मला ह्यात एक अवघड कबुली दिसते. आणि योगायोग असा की जळगावच्या छापखान्यावर ह्याच बाईची एक रचना आहे. कोऱ्या कागदाला यंत्रातून निघताना जे शहाणपण येते ते माणसाला का येत नाही, असा तिचा, थोडा थट्टेचा आणि थोडा खंतीचा, सूर आहे. ज्ञानाच्या नव्या यंत्राकडे पाहून हा प्रश्न विचारणारी खानदेशातील ती पहिली व्यक्ती असावी असे मला वाटते, आणि तिला तो सुचला ह्याचे कारण छापलेले ती वाचू शकत नव्हती हेच असेल. यंत्रातून निघालेली सामग्री तिला मोहवू शकत नव्हती. तिला फक्त कागद आणि माणूस एवढेच दिसत होते.

मुलांविषयी पुष्कळ बोलून झाले; काम करणाऱ्या प्रौढ माणसांचा प्रश्न तत्त्वज्ञांच्या लक्षात उशिरा येतो, आणि तोच मला अधिक बिकट वाटतो. जळगावची खानदेश मिल गेली आणि त्या जागी बाजारसंकुल उभे राहिले. अमळनेरचीही गिरणी बंद पडली. साच्याच्या आवाजावरून कोठले सूत तुटणार हे ओळखणारा जॉबर आपले ज्ञान घेऊन घरी बसला. भुसावळात वाफेच्या इंजिनावर उमर काढलेल्या माणसांस विजेच्या इंजिनाचे पाठ घ्यावे लागले; रेल्वेची प्रशिक्षणसंस्थाच तेथे असल्याने त्यांची सोय तरी झाली. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघाले, २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांनी तालुक्या-तालुक्यातील कारकुनास माउस धरावयास शिकविले, आणि आता सांगण्यात येते की एकदा शिकून भागणार नाही, दर काही वर्षांनी नवे कौशल्य घ्यावे लागेल, मनुष्याने जन्मभर विद्यार्थी राहिले पाहिजे.

ऐकावयास हे आपल्या परंपरेशी फार जुळते. तैत्तिरीय उपनिषदात विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्यास आचार्य बजावतात की स्वाध्यायात कधी हयगय करू नकोस. पण आचार्य तेवढ्यावर थांबत नाहीत. स्वाध्यायाच्या जोडीने ते प्रवचनाचेही बंधन घालतात, म्हणजे शिकत राहा आणि शिकवीतही राहा. घरी परतलेला स्नातक हा यापुढे केवळ शिष्य नव्हे. गिरणीतील जॉबर असाच होता. नव्या पोरास हाताशी धरून, प्रसंगी शिव्या घालून, तो विद्या देत होता, आणि ती देताना स्वतःची पारखून घेत होता. आजच्या कामगारशिक्षणाने स्वाध्याय ठेवला आणि प्रवचन काढून घेतले. पन्नाशीच्या माणसास मोबाइलवर पाठ येतात, त्याखाली प्रश्न येतात, बरोबर उत्तरास हिरवी खूण मिळते. परंतु त्याच्यापाशी तीस वर्षांचे जे आहे ते कोणाला द्यावे ह्याची सोय त्या व्यवस्थेत नाही. तिच्या दृष्टीने त्याच्यापाशी काही नाहीच. तो रिकामा आहे, आणि भरावयाचा आहे. नैयायिकाचे ते अज्ञान इथे पुन्हा आले.

रावेर-यावलच्या केळीच्या बागांत हे स्पष्ट दिसते. पूर्वी लागवडीसाठी मुनवे निवडणे ही विद्या होती. तलवारीसारख्या अरुंद पानांचा मुनवा घ्यावा, रुंद पानांचा टाकावा, हे म्हाताऱ्यांच्या नजरेत मुरलेले असे. गेल्या शतकाच्या शेवटी भवरलालजी जैन ह्यांच्या कंपनीने ऊतिसंवर्धित रोपे आणि ठिबक आणले. रोपे एकसारखी आली, घड एका वेळी कापणीस आले, पाणी वाचले, जळगावचे केळे दूर गेले. नजरेची ती विद्या अनावश्यक झाली आणि त्याबद्दल कोणा शेतकऱ्यास हळहळ वाटल्याचे मी ऐकले नाही. पोट भरलेल्या माणसास गतकाळाचा उमाळा शिकविणे हा निबंधकारांचा दुर्गुण आहे. परंतु आता पुढची पायरी आली आहे. खताची मात्रा, पाण्याची वेळ, करप्याचा संभव, हे सर्व मोबाइलवर सांगणाऱ्या सेवा बांधापर्यंत पोचल्या आहेत, आणि त्या चांगल्या आहेत.

समजा, तापीकाठच्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्यास त्याचा नातू वाचून दाखवितो की ह्या आठवड्यात ठिबकातून इतके पालाश सोडावे. म्हातारा ऐकतो, दोन प्रश्न विचारतो, आणि निम्मेच सोडतो. मागल्या पावसात नदीचा गाळ ह्या तुकड्यावर बसला आहे हे त्याला ठाऊक असते. पलीकडच्या तुकड्यावर बसला नाही हेही ठाऊक असते. त्याचे निम्मे हे अज्ञान की मनन, ह्याचा निकाल घड कापणीस येईपर्यंत कोणीच देऊ शकणार नाही; कदाचित तो साफ चुकलेला असेल. यंत्राच्या दप्तरी मात्र त्याच सायंकाळी नोंद पडते की सूचना पाळली गेली नाही. का पाळली नाही, हे विचारण्याचा रकाना तेथे नसतो. तो घालणे कारागिरांस मुळीच अवघड नाही. त्यात पडलेली उत्तरे वाचावयास केळी कळणारा एक इसम पगारावर नेमावा लागेल, आणि ती बाब कोणाच्या अंदाजपत्रकात धरलेली अजून माझ्या पाहण्यात नाही.